कुत्रा गेला तर: पहिल्या तासापासून पहिल्या पावसापर्यंत

कोकणात घरचा कुत्रा बहुतेक वेळा घरीच जातो. पडवीत, मागच्या दारी, गोठ्याच्या कडेला, नाहीतर खळ्यात तुळशीजवळ. दवाखाना तालुक्याला, पावसात पऱ्याला (ओढ्याला) पाणी, रात्री लाईट नाही. मग त्याच्याजवळ बसून राहणं एवढंच हातात उरतं. त्यानंतरच्या चोवीस तासांत काय करायचं हे मात्र कुणी सांगितलेलं नसतं. घाईत कुणी पाय धरून ओढतं, कुणी गोणीत भरून खाडीत सोडून येतं, पोराला ‘गावाला गेला’ म्हणून सांगितलं जातं. पुढे कित्येक वर्षं टोचत राहतं ते हेच. म्हातारं जनावर जाणार होतं हे माणूस आज ना उद्या स्वीकारतो. शेवटी आपल्या हातून झालेली हेळसांड स्वीकारणं फार जड जातं. ती टाळता येते, आणि त्यासाठी फार काही लागत नाही: दोन माणसं, एक जुनी वाकळ, थोडा बर्फ आणि योग्य जागी खणलेला चार फुटांचा खड्डा.

शेवटचे तास

खाणं बंद, पाय गार, श्वास कधी भरभर तर कधी लांबलेला, हाक मारली तर फक्त शेपटीचं टोक हलतं, अशी अवस्था आली की चमच्याने पाणी किंवा पेज तोंडात ओतू नका. गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं आणि त्याचा जीव घुसमटतो. सुती फडकं ओलं करून हिरड्यांवरून आणि ओठांवरून फिरवा, तेवढं पुरे. दर दोन-तीन तासांनी कूस बदला. अंगाखाली गोणपाट आणि त्यावर मऊ जुनं लुगडं ठेवा. खाली थेट सारवलेली जमीन किंवा कोबा असेल तर हाडं घासून कातडी सोलते. घरातली तापाची किंवा दुखण्याची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन ही दोन्ही कुत्र्याला विषासमान ठरू शकतात. वेदना कमी होण्याऐवजी यकृत आणि मूत्रपिंड बंद पडतात.

वेदना आवरत नसतील तर कायमच्या झोपेच्या इंजेक्शनचा विचार पावसाच्या आधी, रस्ता चालू असताना करा. त्यात अपराध नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून ठेवा, डॉक्टर घरी येतील का आणि किती वेळात. पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. ती सेवा मुख्यतः गुराढोरांसाठी असली तरी फोनवर सल्ला विचारायला हरकत नाही.

गेला याची खात्री

डावा कोपर जिथे छातीला टेकतो तिथे बोटं ठेवून पूर्ण पाच मिनिटं ठोका शोधा. मग मागच्या मांडीच्या आतल्या बाजूने नाडी बघा. डोळ्याच्या कोपऱ्याला कापसाने हलकेच स्पर्श करा. जिवंत असेल तर पापणी हलते. हिरड्या राखाडी, बाहुली मोठी आणि स्थिर, छाती शांत, असं सगळं एकत्र दिसलं तर तो गेला.

त्यानंतरही काही गोष्टी होतात आणि घरातले घाबरतात. एखादा मोठा उसासा येतो, पायाचा स्नायू फडफडतो, लघवी-संडास होते. साठलेली हवा बाहेर पडते आणि स्नायू सैल होतात, त्यामुळे हे घडतं. डोळे बहुतेक उघडेच राहतात. पापणी खाली ओढून मिनिटभर धरली तर कधी मिटते, नाही मिटली तर फडकं टाका. अर्धा तास तरी झाकून बांधून टाकू नका.

एक अपवाद लक्षात ठेवा. रानात, गडग्याच्या कडेला नाग किंवा मण्यार चावली असेल तर कुत्रा लुळा पडतो, जबडा सुटतो, श्वास जेमतेम दिसतो, पण हृदय चालू असतं. त्याला मेलेला समजून ठेवून देऊ नका, छातीवर बोटं ठेवा. ठोका असेल तर ताबडतोब दवाखाना गाठा. फुरसं चावलं असेल तर चित्र वेगळं: जखमेतून, हिरड्यांतून रक्त थांबत नाही.

पहिले दोन तास

सगळ्या कामात महत्त्वाचा वेळ हाच. कोकणातल्या उष्ण हवेत तासा-दोन तासांत मान आणि जबडा आखडायला लागतात, मग पाय. त्याआधी त्याला तो झोपायचा तसा करून घ्या: पाय पोटाशी, मान आत, शेपटी अंगाशी. हे दिसायला बरं वाटतं म्हणून तर करायचंच, शिवाय वेटोळं करून निजवलेला वीस किलोचा कुत्रा अडीच फूट बाय दोन फुटांत मावतो. पाय ताठ राहिले तर चार फूट लांबीचा खड्डा लागतो आणि जांभ्या दगडात तो जास्तीचा दीड फूट अर्धा दिवस खातो. उशीर होऊन तो आखडला असेल तर सांधे जोर लावून वाकवू नका. खड्डा रुंद करा.

आखडण्यापूर्वी आणखी एक करून ठेवण्यासारखं आहे. पंजा ओल्या फडक्याने पुसा, काव पाण्यात दाट कालवा, बोटाने तळपायाच्या गादीला लावा आणि पांढऱ्या कागदावर एकदाच, न सरकवता दाबून उचला. वृंदावनाला लावतो तीच काव. मधली गादी तिकोनी उमटते, चार बोटं वर, आणि म्हाताऱ्या कुत्र्याच्या गादीवरच्या भेगासुद्धा कागदावर दिसतात. शेपटीच्या टोकाचे चार केस कापून कागदाच्या पुडीत ठेवा. हे आज नको वाटेल. करून ठेवा, नको असेल तर नंतर टाकता येतं, उलटं करता येत नाही.

शेपटीखाली आणि तोंडाखाली वर्तमानपत्राच्या दोन-तीन घड्या ठेवा, कारण तिथून पाणी सुटतं. डोकं अंगापेक्षा थोडं उंच ठेवा. माश्या डोळ्यांवर, नाकपुड्यांवर आणि जखमेवर काही मिनिटांत अंडी घालतात. मच्छरदाणी किंवा पातळ ओढणी टाका. मुंग्यांसाठी बाकड्यावर किंवा बाजल्यावर निजवून पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवणं सर्वांत खात्रीचं. हळदीची रेघ पावसात टिकत नाही.

उचलताना पाय धरून कधीच नाही. वाकळ बाजूला पसरा, दोघांनी खांद्याखाली आणि कमरेखाली हात घालून सरकवा, मग चार टोकं धरून उचला. निर्जीव देह जिवंतपणीपेक्षा जड लागतो, कारण तो स्वतःला सावरत नाही. गाडीखाली सापडलेल्या कुत्र्याला फळीवर घ्या.

अंगावर गोचिडी असतील तर त्या थंड पडणारं अंग सोडून निघतात आणि जवळच्या दुसऱ्या कुत्र्यावर किंवा भिंतीच्या फटीत जातात. त्यामुळे त्याला घरातल्या अंथरुणावर ठेवू नका, आणि दुसऱ्या कुत्र्याचे कान आणि बोटांच्या बेचक्या पुढचे आठ-दहा दिवस रोज बघा.

मुंबईहून कुणी येणार असेल तर

लेक मुंबईला, कुत्र्यावर तिचाच जीव, आणि ती रात्रीची गाडी पकडून सकाळी पोचते म्हणते. थांबायचं का? बर्फ मिळाला तर थांबा. मे महिन्यात बर्फाशिवाय सहा-आठ तासांपलीकडे जाऊ नका. पावसाळी गारव्यात फार तर दहा-बारा. कुजणं पोटापासून सुरू होतं, पोट फुगतं आणि मग देह हलवणं सगळ्यांनाच असह्य होतं. तिने बघायचं ते रूप असं नसावं.

बर्फाची आपल्याकडे अडचण नाही. मिरकरवाडा, हर्णै, मालवण, वेंगुर्ला, जिथे मासळी उतरते तिथे बर्फ मिळतोच. वीस किलोच्या कुत्र्याला वीस-पंचवीस किलो फोडलेला बर्फ लागतो. तो प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून, तोंडं बांधून, आधी पोटाला, मग जांघेत आणि बगलेत लावा, वर गोणपाट. बर्फ थेट अंगावर टाकला तर केस भिजतात आणि भिजलेली कातडी लवकर सुटते. वितळेल तसा बदलत राहा. लहान कुत्रा मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यात मावतो, पण तो खोका परत मासळीला वापरायचा नाही. असे चोवीस तास निभावतात. येणारी व्यक्ती त्याहून उशिरा पोचणार असेल तर व्हिडिओ कॉलवर बघू दे आणि तिला विचारूनच माती द्या. न सांगता उरकून मग फोन करणं सर्वांत वाईट. त्यावरून घरात धरलेला अबोला लवकर सुटत नाही.

आधी डॉक्टरला विचारायचे प्रसंग

कुत्रा पिसाळल्यासारखा होता का? लाळ गळणं, खालचा जबडा लोंबणं, झोकांड्या, उगाच चावणं, आवाज बदलणं, किंवा कुणाला चावल्यापासून दहा दिवसांच्या आत मरणं, यातलं काहीही असेल तर उघड्या हाताने तोंडाला, लाळेला शिवू नका. मुलांना लांब ठेवा आणि सरकारी पशुवैद्यकाला कळवा. ज्याला चावला किंवा ज्याच्या जखमेवर, डोळ्यात, तोंडात लाळ गेली त्याने ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने (डोळे आणि तोंड नुसत्या पाण्याने) पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठायचं. लस तिथे मिळते. दंडात देतात तेव्हा ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेत रेबीजविरोधी सिरमही लागतं, ते नाही म्हटलं तर मागून घ्या. अहवालाची वाट बघत लस लांबवू नका. नुसतं अंगावरून हात फिरवल्याने रेबीज होत नाही. तो गाईला किंवा म्हशीला चावला असेल तर तेही सांगा.

पावसाळ्यात जाण्याआधी डोळे-हिरड्या पिवळ्या झाल्या होत्या, लघवी गडद होती? लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या जंतूंच्या तापाची) शक्यता धरा. जंतू लघवीत असतात आणि माणसालाही लागतात. रबरी हातमोजे, गमबूट, हातापायावरच्या कापल्या-खरचटल्यावर पट्टी. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत घरात कुणाला ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं झालं तर ‘कुत्रा असा गेला’ हे डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगा.

विष घातल्याचा संशय असेल तर पुरू नका. शवविच्छेदन लवकर लागतं. देह बर्फात ठेवा, पण गोठवू नका, गोठलं की तपासणीला अडचण येते. उलटी झाली असेल तर हातमोजे घालून बरणीत घ्या, कोंबड्यांनी खाल्ली तर त्याही मरतील. जनावराला विष घालणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे. तक्रार पोलीस ठाण्यात द्या. शेजाऱ्याच्या दारात जाऊन भांडण नको.

जागा

इथे सर्वांत जास्त चुका होतात. खड्डा खणायला घेण्याआधी पहार घेऊन फिरा आणि तीन ठिकाणी ठोका. फुटाभरात ‘ठण्ण’ वाजलं तर खाली कातळ आहे, पुढची जागा. जिथे काजू, आंबा, फणस आपोआप वाढलेत तिथे माती खोल असते. फक्त बुंध्यापासून सहा-आठ फूट लांब राहा, नाहीतर मुळं तोडण्यातच वेळ जाईल. सड्यावर, जिथे नुसतं गवत उगवतं, तिथे खणायचा हट्ट नको.

विहिरीपासून निदान शंभर फूट अंतर, आणि विहिरीच्या खालच्या अंगाला. जांभा दगड चाळणीसारखा असतो. वरचं पाणी त्यातून भराभर उतरतं, त्यामुळे घाटावर चालणारं अंतर इथे चालत नाही. शेजाऱ्याची विहीर खालच्या टप्प्यात असेल तर तीही मोजा. पऱ्या, वहाळ, शेताचा मळा टाळा. श्रावणात मळ्यात दोन फुटांवर पाणी लागतं, खड्डा भरतो आणि देह तरंगून वर येतो.

पुळणीत पुरू नका. वाळू उकरायला सोपी वाटते, पण चार फुटांच्या आत पाणी लागतं, एका उधाणात सगळं उघडं पडतं आणि वासावर भटकी कुत्री, कोल्हे येतात. वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर तर हिवाळ्यात कासवं अंडी घालतात. तिथे उकरणाऱ्या जनावरांना आणखी आमंत्रण नको. खाडीत सोडलेलं भरतीला परत येतं, बहुधा दुसऱ्याच कुणाच्या धक्क्याला.

जमीन सामाईक असेल, सातबारावर चार चुलत्यांची नावं असतील, तर खणण्यापूर्वी जवळच्या एकाला तरी सांगा. ‘काका, आमचो मोती गेलो, वरच्या कोपऱ्यात ठेवतंव’ एवढं बोललं की कुणी नाही म्हणत नाही. न बोलता खणलं तर पुढच्या वाटपात तोच खड्डा निघतो. देवराई, राखणदाराची जागा, देवळाची हद्द सोडून द्या.

भाड्याचं घर, फ्लॅट किंवा नगरपरिषदेची हद्द असेल तर आरोग्य विभागाला फोन करून गाडी मागवा आणि नेतात कुठे, पुरतात की कचऱ्यात टाकतात, हे स्पष्ट विचारा. पुरत असतील तर एका माणसाने सोबत जावं. गावी ओळखीच्या कुणाच्या बागेत जागा मागितली तर बहुतेक मिळते. घरच्या घरी दहन करू नका. लाकडं पुरेशी नसतात, निम्मं जळतं आणि निम्मं राहतं, आणि ते पुन्हा हाताळणं कुणालाही सोसत नाही.

खड्डा

देहावर तीन फूट माती यायला हवी. वेटोळ्यात निजवलेला कुत्रा फूटभर उंच असतो, म्हणजे खोली चार फूट. लांबी-रुंदी देहापेक्षा दोन्हीकडे सहा इंच जास्त. चिकण किंवा लाल मातीत टिकाव, पहार, फावडं आणि दोन घमेली घेऊन दोन माणसांना तीन-चार तास लागतात. म्हातारे दोघंच घरात असतील तर गडी बोलवा. गावात कुठे घराचं काम चालू असेल आणि जेसीबी वाटेवर असेल तर त्याला दहा मिनिटांचं काम आहे. वरची काळसर माती एका बाजूला आणि खालची तांबडी दुसऱ्या बाजूला टाका, भरताना त्याच क्रमाने उलट घालायची.

तळाला चार-पाच इंच सुका पातेरा (पालापाचोळा) किंवा भाताचं तूस पसरा. देहातून सुटणारं पाणी ते धरून ठेवतं. मग पट्टा, साखळी, प्लॅस्टिकचं बिल्लं काढा. गुंडाळायला सुती चादर किंवा लुगडं; नायलॉनची साडी, ताडपत्री, युरियाची गोण नको. त्यात हवा-पाणी जात नाही, आणि चार वर्षांनी माडासाठी खणताना जे हाती लागतं ते बघवत नाही. चादरीच्या दोन टोकांना दोर बांधून सोडा, खाली टाकू नका. एक माणूस आधी खाली उतरला तर देह हळू ठेवता येतो. हा क्षण घाईत जातो. ज्याला हात लावायचा असेल त्याला लावू दे, फूल, भाकरीचा तुकडा, त्याचा नेहमीचा चेंडू घालायचा असेल तर घाला.

चुना आणि मीठ, यावर गावात सगळेच सल्ला देतात. देहावर घमेलंभर चुना टाकला की लवकर ‘विरघळतो’ असा समज आहे. होतं उलट: चुना आजूबाजूची माती कोरडी आणि दाहक करून कुजणं लांबवतो. मिठाचं तसंच, आणि जास्त मीठ शेजारच्या झाडाची मुळं मारतं. रीत म्हणून मूठभर घालायचं असेल तर अवश्य घाला. वास अडवते ती तीन फूट माती. कुजवतात ते मातीतले जीव, त्यांना पातेरा आणि ओल हवी.

माती सहा-सहा इंचांनी घाला आणि प्रत्येक थर पायाने चेपा. एकदम लोटली की आत पोकळी राहते, पहिल्या पावसात मध्यभागी खळगा पडतो आणि सगळं पाणी आत जातं. शेवटी जमिनीपासून दीड फूट उंच उंचवटा करा. त्यावर चिरे लावा, फटी राहू देऊ नका. कोल्हा आणि भटकी कुत्री कडेने उकरतात, म्हणून कडेला करवंदीची काटेरी फांदी रोवा. रानडुक्कर नाकाने नांगरतं, त्याला फक्त जड चिरे अडवतात.

पावसात खणत असाल तर खड्ड्याच्या वरच्या अंगाला आधी वीतभर खोल चर काढा म्हणजे उतारावरचं पाणी वळेल, आणि खड्ड्यावर ताडपत्री चार चिवाऱ्यांवर ताणा. पाणी झिरपून आलंच तर उपसून तळाला दगडांचा एक थर, त्यावर पातेरा. दोन फुटांवरच सतत झरा लागत असेल तर ती जागा सोडा.

खाली सगळीकडे कातळ असेल तर वर बांधायचं. दीड फूट जे खणता येईल ते खणा, भोवती चिऱ्यांची चौकट उभी करा, एका थराला बारा-चौदा चिरे, असे चार थर. मध्ये देह, वर बाहेरून आणलेली माती ठासून, शेवटी चिऱ्यांचंच झाकण. सांधे चिखलाने भरून घ्या. हा चौथरा घरापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला असावा.

झोपेचं इंजेक्शन देऊन गेलेल्या कुत्र्यासाठी खोलीत तडजोड अजिबात नको. ते औषध बहुधा बार्बिच्युरेट गटातलं असतं, देहात तसंच राहतं, आणि तो देह उकरून खाणारं कुत्रं, कोल्हा, घार, कावळा मरतो. म्हसळा तालुक्यात चिरगावला गिधाडांची वसाहत मोठ्या कष्टाने राखली गेली आहे. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकानेच हे पक्षी संपत आणले होते, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. रानात टाकलेला देह कुणाच्या तोंडी लागेल हे आपल्या हातात राहत नाही.

बिबट्याने नेला तर

मग काहीच हाती येत नाही. रात्री भुंकणं एकदम थांबतं, सकाळी साखळी तुटलेली किंवा ओढल्याची खूण. रात्री शोधायला रानात शिरू नका. बिबट्या भक्ष्याजवळ असतो. उजाडल्यावर चार माणसांनी, काठ्या आपटत, मोठ्याने बोलत जा, आणि पट्टा सापडला तर तेवढा आणा. वन विभागाला कळवा, ‘हॅलो फॉरेस्ट’चा क्रमांक १९२६ आहे. उरलेला पट्टा आणि ताटली त्याच्या नेहमीच्या जागेजवळ पुरली तर घरातल्यांना निरोप दिल्यासारखं होतं. नुसतं ‘नेला’ म्हणून सोडलं तर मन दार उघडं ठेवून बसतं. दुसरा कुत्रा असेल तर त्याला त्याच रात्रीपासून आत घ्या. बिबट्या त्या घराकडे पुन्हा येण्याचा संभव असतो.

जागा आणि वस्तू

साधारण म्हातारपणाने गेला असेल तर साबण-पाणी आणि दोन दिवस ऊन पुरे. पिल्लू रक्ती जुलाबाने गेलं असेल तर पार्व्हो धरून चाला: तो विषाणू मातीत वर्षभरही टिकतो. आधी साबणाने घाण पूर्ण काढा, कारण घाणीवर ब्लीच काम करत नाही. मग ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, लिटरभर पाण्यात दोन चमचे, ताजी कालवून त्या जागेवर ओता आणि जागा दहा मिनिटं भिजत ठेवा. दमट हवेत उघडी राहिलेली पावडर नाकाला झोंबत नसेल तर तिच्यात जोर उरलेला नाही. बाथरूमचं ॲसिड तिच्यात मिसळू नका, विषारी वायू होतो. अंथरूण जाळा. पुढचं पिल्लू लसीचे सगळे डोस झाल्याशिवाय त्या अंगणात सोडायचं नाही.

उरलेली औषधं दवाखान्यात परत द्या. ताटली आणि साखळी लगेच फेकू नका, आणि डोळ्यांसमोरही नकोत. पेटीत घालून माळ्यावर ठेवा, महिन्याने ठरवा.

घरातली माणसं

मुलांना ‘मेला’ किंवा ‘वारला’ हाच शब्द सांगा. ‘झोपला’ म्हटलं तर लहान मूल रात्री झोपायला घाबरतं, ‘गावाला गेला’ म्हटलं तर एसटीच्या वेळेला दारात उभं राहतं. पाच वर्षांखालचं मूल तोच प्रश्न वीस वेळा विचारेल. वीस वेळा तेच, त्याच शब्दांत उत्तर द्या. सात-आठ वर्षांचं मूल मनात ‘मी त्याला मारलं होतं म्हणून का?’ असं धरून बसलेलं असू शकतं. विचारलं नाही तरी ‘तुझ्यामुळे नाही’ हे आपणहून सांगा. माती द्यायला यायचं असेल तर येऊ द्या, नको असेल तर ओढू नका.

घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडे जास्त लक्ष द्या. दिवसभर बोलायला तोच एक होता. आजी ‘काय नाय गो, कुत्रोच तो’ म्हणेल आणि दुपारी जेवणार नाही. संध्याकाळची फेरी, दार लावायची वेळ, गुरांना आणायला जाताना मागे येणारी चाहूल, या जागा रिकाम्या झालेल्या असतात. पहिले पंधरा दिवस त्या वेळांना कुणीतरी सोबत असावं. भाकरी करताना शेवटचा जाडसर तुकडा हात आपसूक बाजूला काढतो, मासे साफ करताना डोकी वाटीत पडतात. ते वाईट वाटून थांबवायची गरज नाही. तो तुकडा गाईला द्या, डोकी मांजराला. सवय सुटायला वेळ लागतो.

‘आणखी थोडं आधी दवाखान्यात नेलं असतं तर’ हा विचार जवळजवळ प्रत्येकाला येतो. तो आला की दवाखान्याचे कागद काढून एकदा तारखांसकट वाचा, डॉक्टरांना स्पष्ट विचारा. उत्तर मिळालं की तो विचार बराच सैलावतो. मनातच ठेवला तर वाढतो. सुतक, दहावं, वर्षश्राद्ध कुत्र्याचं करायचं का, यावर वाद घालू नका. ज्याला दिवा लावायचा आहे त्याला लावू दे. तीन-चार आठवड्यांनंतरही झोप नाही, जेवण नाही, जगण्यात रस नाही असं असेल तर डॉक्टरकडे जा. १४४१६ या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेच्या क्रमांकावर मराठीत, रात्री-बेरात्रीही बोलता येतं.

दुसरा कुत्रा असेल तर गेलेल्याला त्याला हुंगू द्या, रोगाने गेला नसेल तर. नाहीतर तो दिवसेंदिवस खळ्याच्या तोंडाशी बसून वाट बघतो. जेवणाची आणि फिरायची वेळ बदलू नका. खाणं कमी होणं चालेल, पण दोन दिवस तोंडाला काहीच लावलं नाही तर ते दुःखच असेल असं धरून बसू नका. दोघांना एकच आजार झालेला असू शकतो, गोचीडतापात तर बरेचदा.

नवं पिल्लू घरात सगळ्यांच्या मनाची तयारी झाल्यावरच आणा. राखणीला कुत्रा हवाच असेल, एकटं घर असेल, तर महिन्याभरातही चालेल. फक्त त्याला जुन्याचं नाव ठेवू नका.

पहिला पाऊस

झाड लावायचं तर देहाच्या डोक्यावर नको, तीन फूट बाजूला, आणि उंचवटा बसल्यावर. अनंत, प्राजक्त, सोनचाफा यातलं काहीही येतं. मृगाचा जोरदार पाऊस एकदा होऊन गेला की जाऊन बघा. माती फूटभर खाली बसलेली असेल, एखादा चिरा तिरका झालेला असेल. चिरे बाजूला काढा, दोन-तीन घमेली माती घालून चेपा, वरच्या अंगाचा चर साफ करा आणि चिरे परत बसवा. आषाढ संपताना आणखी एकदा.